उजव्या मांडीवरचा जावई

माझ्या उजव्या गुडघ्यावर लग्नाच्या खुर्च्या पडल्या. भाड्याच्या, हिरव्या, प्लास्टिकच्या, एकीत एक घालून टेम्पोच्या टपाच्याही वर रचलेल्या. पार्जो नावाचा चालक तो टेम्पो आमच्या गल्लीतून बाहेर काढत होता आणि त्याला वाट मिळावी म्हणून मी माझी मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी, भिंतीला खेटून उभी केली होती. वाट देणे हा आमचा संस्कार आहे. दोरी सुटली, मनोरा माझ्या बाजूला कलला, मोटरसायकल माझ्या गुडघ्यावर आली आणि खुर्च्या आम्हा दोघांवर.

जावा बेटावरच्या आमच्या सोलो शहरात कोणतेही संकट हा मुळात भाग्याचाच एक प्रकार होता असे चार माणसांनी सांगितल्याशिवाय ते संकट पुरते कोसळले असे आम्ही धरत नाही. आमच्याकडे याला ‘उंतुंग’ म्हणतात. उंतुंग म्हणजे नशीब, आणि ते दर वेळी चांगलेच असते. मी अजून खुर्च्यांखालीच होतो तेव्हा कोपऱ्यावरच्या भजीवाल्या बाई म्हणाल्या, नशीब, खुर्च्या प्लास्टिकच्या होत्या. आमचे आळीप्रमुख सुकिरान म्हणाले, नशीब, टेबले दुसऱ्या खेपेला होती. रुग्णालयात माझी पत्नी मुर्तिनी धावत आली. तिने गुडघ्याचा रंग पाहिला, डोळे पुसले आणि म्हणाली, “नशीब, गुडघ्यावर निभावलं.” ज्या गुडघ्यावर निभावले त्याचे मत कोणी विचारले नाही.

अर्थात मीही याच मातीतला. मी सरकारी शाळेत जावानी भाषा शिकवतो. या भाषेला पायऱ्या आहेत: वडीलधाऱ्यांशी बोलण्याची वरची, बरोबरीच्यांशी बोलण्याची मधली, आणि म्हशी हाकताना किंवा हातोडी अंगठ्यावर बसली असता वापरायची सर्वांत खालची. कोणत्या माणसापुढे कोणत्या पायरीवर उभे राहायचे हे मुलांना शिकवण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे पार्जोने खुर्च्या उपसून माझे तोंड मोकळे केले, तेव्हा मी सर्वांत वरच्या पायरीवरून, आपणांस कोठे लागले तर नाही ना, अशी त्याची चौकशी केली आणि आपल्या खुर्च्यांच्या वाटेत आल्याबद्दल क्षमा मागितली. पार्जो रडू लागला. मग मी त्याचे सांत्वन केले. हे सगळे होईपर्यंत मला कोणी उचलले नाही.

डॉक्टरांचे म्हणणे स्पष्ट होते. गुडघ्यातला स्नायुबंध तुटला आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि तोवर या पायावर भार म्हणून टाकायचा नाही. मी विचारले, भार म्हणजे साधारण किती? डॉक्टर म्हणाले, तुमच्या मनात काय आहे? माझ्या मनात दानांग होता.

दानांग म्हणजे माझा होणारा जावई. माझ्या मुलीचे, लिंतांगचे, लग्न ठरले होते. आमच्या लग्नात एक विधी असतो. वधूचा पिता गादीवर बसतो, त्याच्या डाव्या मांडीवर वधू आणि उजव्या मांडीवर वर. वधूची आई समोर उभी राहून विचारते, दोघांत जड कोण? पिता म्हणतो, दोघं सारखीच. एवढेच. परक्या घरचा मुलगा त्या एका वाक्याने आपला होतो. हे वाक्य मी लिंतांगच्या जन्मापासून मनात घोळवत आलो होतो. भाषाशिक्षक या नात्याने त्याच्या उच्चाराविषयी माझी काही ठाम मते होती.

दानांग गुणी मुलगा. सहकारी पतपेढीत आहे, आणि आडव्या अंगाचा आहे. आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा आमची वेताची खुर्ची जे बोलली ते अजून माझ्या कानात आहे. तो लहान असतानाच त्याचे वडील गेले. वडिलांना आमच्याकडे ‘बापाक’ म्हणतात, आणि मान द्यायचा तर कोणाही मोठ्या माणसाला. या विधीविषयी तो माझ्याशी एकदाच बोलला, तेही अंगणातल्या आंब्याकडे पाहत. “मी जड आहे, बापाक,” तो म्हणाला, “पण मला बसायचंय.”

यानंतर मांडी नाकारणे मला शक्य नव्हते. प्रश्न फक्त त्या मांडीखालच्या गुडघ्याचा होता.

आता विम्याविषयी. माझ्याकडे अपघात विम्याची पॉलिसी होती, यात माझ्या दूरदृष्टीचा काही भाग नाही. माझा एक जुना विद्यार्थी विमा विकतो. तो आला, खूप वेळ बसला, आणि त्याला ‘नको’ म्हणायला योग्य शब्द मला सापडेना. आमच्या भाषेच्या वरच्या पायरीवर ‘नको’साठी नेमका शब्द नाही, फक्त दीर्घ होत जाणारे मौन आहे. ते मौन त्याने होकार म्हणून लिहून घेतले. आता कळवले तेव्हा कंपनीने सांगितले की शस्त्रक्रियेचा खर्च जरूर मिळेल, मात्र आधी आमचे सर्व्हेअर येऊन पाहतील. सर्व्हेअर म्हणजे, तुम्ही जे मोडले म्हणता त्यातले खरोखर किती मोडले आहे हे ठरवणारा गृहस्थ.

ते आले. जोंगी मानुरुंग त्यांचे नाव. सुमात्रातल्या मोठ्या तळ्याच्या काठचे, बाताक समाजातले. सोलोत नुकतीच बदली झालेली. बाताक माणूस ‘या, बसा’ म्हणतो ते तळ्याच्या पैलतीराला ऐकू जाते. मानुरुंग दारातून “बापाक हार्जितो आहेत का?” म्हणाले, आणि समोरच्या घरातून सुकिरान “आहेत, आहेत” म्हणत बाहेर आले.

चहा झाला. मानुरुंगांनी वही मांडीवर घेतली आणि विचारले, “दुखतं का?”

आता तुम्हीच विचार करा. घरी आलेला पाहुणा, हातात आपल्या घरचा चहा, आणि त्याच्यापुढे स्वतःच्या दुखण्याचे गाऱ्हाणे काढायचे? मी म्हणालो, “नाही हो, तसं काही नाही. थोडंसं.”

त्यांनी लिहिले: थोडेसे.

“चालता येतं?”

“येतं की. आपल्या आशीर्वादानं.” न्हाणीघरापर्यंत जाण्यास मला कुबडी, मुर्तिनी आणि भिंत, तिन्ही लागत, पण हा तपशील न्हाणीघराशी निगडित असल्यामुळे मी गाळला.

“जिना चढता?”

“अजून नाही.”

येथे थोडा खुलासा करायला हवा. आमच्याकडे ‘नाही’ असे कोणी म्हणत नाही, ‘अजून नाही’ म्हणतात. सत्तरीच्या ब्रह्मचाऱ्याला लग्न झाले का विचारा, तो ‘अजून नाही’ म्हणेल. त्यात आशा नसते, केवळ सभ्यता असते. मानुरुंगांनी लिहिले: लवकरच जिना चढू लागतील.

तेवढ्यात मुर्तिनी केळ्याचे काप घेऊन आली आणि सवयीने म्हणाली, नशीब हो, गुडघ्यावर निभावलं. हेही त्यांनी लिहिले. कुटुंबीय समाधानी आहेत, अशा अर्थाचे काहीतरी.

ते उठले तेव्हा मी, जसे म्हणतात तसे म्हणालो, “एवढ्यात कुठे निघालात? जेवूनच जा.” सोलोमध्ये या वाक्याचा अर्थ ‘बरंय, भेटू’ असा होतो. समोरच्याने यावर घड्याळाकडे पाहून दचकायचे असते. मानुरुंग म्हणाले, “बरं,” आणि पुन्हा बसले. मुर्तिनीने माझ्याकडे जे पाहिले त्याला कोणत्याही पायरीवर शब्द नाही. घरच्यापुरता शिजवलेला भात आणि नारळाच्या रसातली भाजी त्यांनी मनापासून खाल्ली. जरा गोड आहे, पण छान आहे, म्हणाले. आम्ही रात्री उकडलेली रताळी खाल्ली.

कंपनीचा निर्णय आला: दुखापत किरकोळ, शस्त्रक्रियेची आवश्यकता दिसत नाही, हलका व्यायाम करावा.

ही बातमी कळताच आमच्या बैठकीला सल्लागार मंडळाचे स्वरूप आले. भजीवाल्या बाईंनी हळदीचा लेप सुचवला. कोणी म्हणाले, दाढी वाढवा, म्हणजे आजारी दिसाल. माझी दाढी वाढत नाही. सुकिरान प्रत्येक चर्चेत अध्यक्ष असतात, कारण आळीचा शिक्का त्यांच्याकडे आहे. ते म्हणाले, फेरतपासणीचा अर्ज करू. पण कागद पाहता पाहता त्यांनाच दिसले की पोलिसांच्या कागदात ‘डावा गुडघा’ लिहिले आहे. पंचनामा करताना हवालदार माझ्यासमोर तोंड करून उभे होते. त्यांच्या डाव्या हाताला जे आले ते त्यांनी डावे म्हणून लिहिले. पोलिसांकडे गेलो तर ते म्हणाले, लिहिले ते लिहिले, आता तुमच्या आळीप्रमुखांकडून दाखला आणा. सुकिरानांनी दाखला दिला: ‘सदर गृहस्थांस आम्ही लहानपणापासून ओळखतो. त्यांचा उजवा गुडघा हाच त्यांचा उजवा गुडघा आहे.’ खाली शिक्का. शिक्का डावीकडे मारू की उजवीकडे, यावर बराच वेळ गेला.

दुसरा घोळ याहून नाजूक होता. अपघातानंतर पार्जो सहकुटुंब, केळ्यांचा घड घेऊन माफी मागायला आला होता, आणि आमच्या रीतीप्रमाणे सुकिरानांच्या ओट्यावर घरगुती समेट झाला होता. पार्जोने लिहून दिले, ‘चूक सर्वस्वी माझी.’ आता तो एवढे म्हणतो म्हटल्यावर मी गप्प बसणे शोभले नसते. मी लिहून दिले की चूक सर्वस्वी माझी, मी नको तेथे उभा होतो, खुर्च्यांचा दोष नाही. दोन्ही कागद सुकिरानांनी अभिमानाने कंपनीकडे पाठवले. कंपनीच्या कार्यालयात असे कधी घडले नव्हते. अपघातात माणसे एकमेकांवर दोष ढकलतात. येथे दोघेही कबुली देत होते. कंपनीला यात संगनमताचा वास आला.

या काळात माझे मेहुणे कुंचोरो रोज येऊ लागले. मुर्तिनीचे थोरले भाऊ. लष्कराच्या कोठारातून निवृत्त झालेले, ताठ, आणि दोन्ही गुडघे शाबूत. ते माझ्या गुडघ्याकडे असे पाहत, जसे भाडेकरू रिकाम्या होऊ घातलेल्या खोलीकडे पाहतो. एकदा जाता जाता सौम्यपणे म्हणाले, “हार्जितो, मनाला लावून घेऊ नका. तो मांडीचा विधी मी करीन. पोर आपलीच आहे.”

मी हसलो, कारण आमच्याकडे अशा वेळी हसतात. लिंतांग आत भांडी पुसत होती. ती तेथूनच म्हणाली, “पाकदेंच्या मांडीवर मी बसणार नाही. बापाकना नसेल जमत तर तो विधीच नको.” पाकदे म्हणजे थोरले मामा. ‘विधीच नको’ म्हणताना तिने दानांगकडे पाहिले नाही. तो पंख्याची वायर दुरुस्त करत होता, आणि नंतर बराच वेळ तीच वायर दुरुस्त करत राहिला.

फेरतपासणीसाठी माझी तयारी करून घेण्याचे काम मुर्तिनीने अंगावर घेतले. मी खुर्चीत बसायचे, तिने सर्व्हेअर व्हायचे.

“दुखतं का?”

“म्हणजे, तसं पाहिलं तर...”

“अहो, ‘दुखतं’ म्हणा. एक शब्द आहे.”

पण तो एक शब्द कोणत्या पायरीवरचा? दुसऱ्याच्या दुखण्यासाठी आमच्या भाषेत आदरार्थी क्रियापद आहे, ते स्वतःला लावणे हा उद्धटपणा. स्वतःसाठी साधे क्रियापद आहे, पण पाहुण्यापुढे नुसते साधे क्रियापद टाकणे म्हणजे पाहुण्याला शिळे वाढणे. त्याच्या मागेपुढे काही नम्र शब्द हवेत, आणि ते लावले की दुखणे आपोआप थोडेसे होते. हे मी मुर्तिनीला समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “तुमच्या व्याकरणापायी माझ्या मुलीचं लग्न अडलंय.”

मानुरुंग पुन्हा आले. या वेळी त्यांनी गुडघ्याला हात लावून पाहिले. अंगठा नेमक्या जागी दाबला. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, दोन्ही डोळ्यांतून पाणी आले, आणि चेहरा, इतक्या वर्षांच्या वळणाप्रमाणे, हसरा झाला. खिडकीत सुकिरान उभे होते. साक्ष द्यायला म्हणून मुद्दाम आले होते. पण परक्या माणसासमोर शेजाऱ्याच्या प्रकृतीविषयी वाईट बोलायचे त्यांच्या जिवावर आले असावे. ते म्हणाले, “बापाक हार्जितो आता बरेच सुधारलेत, नाही का. नशीब.”

मानुरुंगांनी वही मिटली. त्यांचा आवाज प्रथमच खाली आला, म्हणजे आमच्या मोठ्या आवाजाइतका झाला.

“बापाक, मी तुमच्या बाजूचा आहे, हे तुम्हाला कळतंय का? स्कॅनच्या फोटोत स्नायुबंध तुटलेला दिसतोय. डॉक्टर तुटला म्हणतात. आणि तुम्ही म्हणता थोडंसं. वर जकार्ताला बसलेला साहेब मला विचारतो, फोटो जुना तर नाही? माणूस तर हसतोय. आमच्याकडे पायाच्या बोटाला ठेच लागली तर माणूस सगळ्या गावाला उठवतो. मला तेवढं नको. एकदा तुमच्या तोंडून नीट ऐकू दे. दुखतं?”

मी तोंड उघडले. वर्गात मुले पाहत असावीत तसे सुकिरान खिडकीतून पाहत होते. “खरं म्हणजे,” मी म्हणालो, “आपण एवढ्या लांबून आलात, त्यामुळे आज जरा बरं वाटतंय.”

मानुरुंगांनी डोळे मिटून घेतले.

विषय बदलावा म्हणून मी त्यांना लग्नाची पत्रिका दिली. आमच्याकडे घरी आलेल्या कोणालाही देतात. मीटर पाहायला येणाऱ्यालाही दिली होती. मानुरुंगांनी ती वाचली. कार्यक्रमात मांडीच्या विधीचा उल्लेख होता. “हे काय?” त्यांनी विचारले. मी सांगितले. सांगताना मी दोन्ही हात मांड्यांवर ठेवून दाखवले. “म्हणजे दोघांना तुम्ही मांडीवर घेणार? दोन्ही मांड्यांवर?”

“हो,” मी म्हणालो. एवढ्या महिन्यांत कंपनीच्या माणसापुढे मी ठामपणे उच्चारलेला हा एकच शब्द.

त्यांनी तो लिहिला. लिहिणे त्यांचे कामच होते. पुढचा निर्णय आला त्यात म्हटले होते की विमेदार लवकरच दोन प्रौढ व्यक्तींचा भार स्वेच्छेने उचलणार असल्याने प्रकरण तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे.

लग्नाचा दिवस उगवला. निकाह सकाळी पार पडला. मांडव गल्लीतच, रस्ता अडवून, जसा सगळ्यांचा असतो. खुर्च्या पार्जोच्या. त्याने पश्चात्तापापोटी दुप्पट आणल्या होत्या आणि एवढ्या दोऱ्यांनी बांधल्या होत्या की सोडवता सोडवता पाहुणे उभे राहिले. माझी शाळा आली होती, मुख्याध्यापकांसह. मागच्या वर्षीचे विद्यार्थी बुफेच्या जवळपास होते. आणि तिसऱ्या रांगेत, बातिकचा, म्हणजे आमच्याकडच्या नक्षीदार कापडाचा, नवा शर्ट घालून, सपत्नीक मानुरुंग. आमंत्रण हे आमंत्रणच असते असे समजणारे सोलोतले ते एकमेव गृहस्थ होते.

मी कुबडी घेऊन बाहेर आलो आणि कुंचोरोंना पाहिले. वधूवरांच्या आईवडिलांनी नेसायच्या बातिकची एक ठरावीक नक्षी असते, बारीक चांदण्यांची. इतर कोणी त्या दिवशी ती नेसत नाही. कुंचोरो ती नेसून उभे होते. “वेळ पडली तर असावी,” ते म्हणाले.

मांडी द्यावी की नाही, या विचारात मी तोवर होतो. कुंचोरोंची नक्षी पाहिली आणि विचार थांबला. मी कुबडी सुकिरानांच्या हाती दिली, गादीवर जाऊन बसलो आणि मुलांना या म्हणालो.

लिंतांग डाव्या मांडीवर बसली. बसली म्हणजे टेकली. माझ्या कानाशी पुटपुटली, “बापाक, मी टाचांवर आहे. दानांगलाही सांगितलंय. तोही वरच्यावर राहील.” लहानपणी ती याच मांडीवर बसून मुळाक्षरे गिरवत असे, आणि तेव्हा अजिबात वरच्यावर राहत नसे. आता राहत होती, याचे मला वाईट वाटले.

दानांगही वरच्यावर होता. पण बातिकचे वस्त्र कमरेपासून घोट्यापर्यंत घट्ट गुंडाळलेले, पाठीला कट्यार, कपाळावर घाम. अशा अवस्थेत उकिडवे तरंगणे हे त्याच्यापेक्षा बारीक माणसालाही जमले नसते. त्यात फोटोग्राफर ओरडला, नवरदेव, खाली, नीट बसा. आत्या, माम्या, मावश्या सगळ्या म्हणाल्या, अरे बस ना, लाजतोस काय, सासरा आहे तुझा. दानांगने माझ्याकडे पाहिले. मी, अर्थातच, हसलो.

तो बसला.

मुर्तिनी समोर उभी होती. विधी सांगणाऱ्या गृहस्थांनी ध्वनिक्षेपक तिच्या तोंडाशी धरला. तिने ठेवणीतल्या आवाजात विचारले, “सांगा, दोघांत जड कोण?” ध्वनिक्षेपक माझ्याकडे आला.

“हा,” मी ओरडलो. “हा जड आहे. दुखतंय. मेलो, मेलो, उठवा याला.”

हे सर्व म्हशी हाकण्याच्या पायरीवर होते. लाऊडस्पीकरवरून ते आमच्या गल्लीत, शेजारच्या गल्लीत आणि मशिदीच्या आवारापर्यंत गेले. काशाच्या घंटांचा आमचा वाद्यमेळ, गामेलान, वाजवणाऱ्यांचे हात थांबले. मुख्याध्यापकांनी स्वतःच्या पायांकडे पाहिले. बुफेजवळच्या मुलांनी मात्र माझ्याकडे, शाळेत कधी पाहिले नव्हते अशा आदराने पाहिले.

तिसऱ्या रांगेत एक खुर्ची मागे सरकली. मानुरुंग उभे राहिले. एका हातात सुपाचा वाडगा होता, दुसऱ्याने ते खिसा चाचपत होते. “बापाक,” त्यांनी तेथूनच विचारले, आणि त्यांना ध्वनिक्षेपकाची गरज नव्हती, “हे ‘दुखतंय’ उजव्या गुडघ्याबद्दलच ना?”

“उजव्याच,” मी म्हणालो.

“लिहून घेतो.”

दानांग दचकून उठला होता. तो उभा होता, मान खाली घालून, फोटोग्राफर आणि दोनशे पाहुण्यांसमोर, आणि जड असे जाहीर झालेला. कुंचोरो आपली चांदण्यांची नक्षी सारखी करत पुढे आले. “असू दे, हार्जितो,” ते म्हणाले. “मी बसतो.”

त्या क्षणी मला आंब्याकडे पाहत बोललेला तो मुलगा आठवला. मी हात लांब करून दानांगची बाही धरली. लिंतांग तसूभर हलली नव्हती; उलट आता टाचा सोडून चांगली वजनाने बसली होती. मी माझा उजवा पाय गादीवर सरळ पसरला आणि दानांगला डाव्या मांडीच्या उरलेल्या टोकावर ओढले. तो तेथे कसाबसा मावला. विधी सांगणाऱ्यांनी हळूच सांगितले की एकाच मांडीवर दोघे असा दाखला कोठे नाही. मुर्तिनीने त्यांच्या हातून ध्वनिक्षेपक काढून घेतला.

“अहो,” ती म्हणाली. हा ठेवणीतला आवाज नव्हता, स्वयंपाकघरातला होता. “आता नीट सांगा. जड कोण?”

“दोघं सारखीच,” मी म्हणालो. “गुडघे सारखे नाहीत.”

इतक्या वर्षांत ठरवलेला उच्चार काही साधला नाही. दानांगने चेहरा माझ्या खांद्यात लपवला. त्याच्या कट्यारीची मूठ लिंतांगच्या दंडात रुतली आणि ती ‘आई गं’ म्हणाली, तेही ध्वनिक्षेपकावर. गामेलान पुन्हा सुरू झाले. कुंचोरो जेवायला गेले.

मानुरुंगांचा अहवाल, त्यांच्याच मते, कंपनीच्या इतिहासात साक्षीदारांची सर्वांत लांब यादी असलेला ठरावा. शिवाय त्यांनी लग्नाचा व्हिडिओ जोडला. त्यात माझे वाक्य, पार्जोच्या खुर्च्या, आणि वराच्या वजनाविषयी उपस्थितांची कुजबुज, सगळे स्वच्छ ऐकू येते. जकार्ताच्या साहेबांनी तो व्हिडिओ, असे मानुरुंग सांगतात, कार्यालयातल्या सर्वांना बोलावून दाखवला.

मंजुरी आली. मी वाचली, पुन्हा वाचली आणि मुर्तिनीला दिली. विमेदार हार्जितो यांची शस्त्रक्रिया मंजूर करण्यात येत आहे: डावा गुडघा.

पोलिसांच्या कागदाने सुकिरानांच्या शिक्क्यावर मात केली होती.

मुर्तिनीने कागद उलटून मागची बाजूही पाहिली. मग तिने तो घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवला आणि म्हणाली, “नशीब, माणूस तरी बरोबर आहे.”

मी मानुरुंगांना फोन लावला. त्यांनी पलीकडून विचारले, “काय बापाक, कसं काय?”

“वाईट,” मी म्हणालो.

पलीकडे वही उघडल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “शाब्बास. मी येतो. वहिनींना सांगा, जेवायलाच येतो.”

मुर्तिनीने तोवर तांदूळ जास्तीचे घेतले होते.